पाळकसाहेबांचं ‘हाव’

ज्या माणसानं अख्खा जन्म बोलण्यावर काढला, त्याच्या तोंडात देवानं शेवटी एकच शब्द ठेवावा, आणि तोही ‘हाव’, याला काय म्हणायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. अकोल्यात पाळक महादेवराव डोंगरदिवे ज्यांना ठाऊक होते त्यांना हे ऐकून आधी हसू यायचं, आणि मग आपण हसलो याची लाज वाटायची. पाळक म्हणजे चर्चचा धर्मगुरू. रविवारी वेदीजवळ उभं राहून तासभर उपदेश करणारा माणूस. आणि आता चहा हवा का विचारलं तर हाव, चहा नको का विचारलं तरी हाव.

वऱ्हाडात हाव म्हणजे हो. पण महादेवराव हयातभर हाव म्हणाले नव्हते. ते ‘होय’ म्हणायचे. पातूरच्या बाजूच्या एका खेड्यात डोमाजी डोंगरदिव्याच्या घरी जन्मलेला हा पोरगा पुण्याला सेमिनरीत, पाळक घडवणाऱ्या शाळेत, शिकून आला तो जिभेला इस्त्री करूनच. बापानं बाप्तिस्मा घेतला तरी पोराचं महादेव हे नाव काही बदललं नाही, आणि त्यावरून लोक थट्टा करायचे, की ख्रिस्ताची मंडळी महादेवाच्या हवाली केली. त्या थट्टेवरही ते शुद्ध मराठीत हसायचे. भाजीवाल्याशी शुद्ध बोलणार, रिक्षावाल्याशी शुद्ध बोलणार. बायको शकुन ही शेंदूरजनाघाटची, संत्र्याच्या बागेत राखणदारी करणाऱ्याची लेक, जिभेला हाड नसलेली. ती म्हणायची, यांच्याशी बोलायचं म्हणजे शाळा तपासणीला साहेब आल्यासारखं वाटते.

तर एका दुपारी हा शुद्ध माणूस पातूरला कोणाचं लग्न लावून घरी आला, जेवायला बसला, आणि घास हातातून ताटात पडला. उजवं अंग गेलं. वाचा गेली. दवाखान्यात बरेच दिवस काढल्यावर तोंडातून जो पहिला आवाज आला तो ‘हाव’. शकुनला आनंद झाला, तिनं नर्सला बोलावलं, पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले. दोन दिवसांनी तिच्या ध्यानात आलं की दुसरा शब्दच येत नाही. पुण्याचं सगळं धुऊन गेलं आणि तळाशी आईच्या मांडीवर शिकलेलं एवढं एक उरलं.

डॉक्टर भला होता. त्यानं समजावून सांगितलं, की यांना कळतं, सगळं नसेल पण पुष्कळ कळतं. शब्द मात्र सापडत नाही. तोंडात जो येतो तो येतो, मनात वेगळं असलं तरी. तेव्हा यांच्याशी बोलत राहा, आणि पूर्वी जे आवडीनं वाचायचे ते वाचून दाखवत जा.

आवडीनं वाचायचे! शकुनच्या कपाळाला आठीच पडली.

महादेवरावांच्या आवडीची पुस्तकं म्हणजे देवाबद्दल माणसांनी लिहिलेली पुस्तकं. शास्त्र, म्हणजे बायबल, वेगळं, ते तर शकुनही रोज वाचायची. ही त्याच्याभोवतीची. दीड हजार वर्षांपूर्वीच्या धर्मपित्यांची, मधल्या काळातल्या मठवासी पंडितांची, आणि अलीकडच्या जर्मन-अमेरिकन प्राध्यापकांची. देव आहे कशावरून, असला तर कसा आहे, आणि इतका चांगला असून जगात हे असं का, यावर कपाटभर भांडण. काही मराठीत उतरवलेली, बाकी इंग्रजी. पाळकाची बदली झाली की टेम्पोत आधी या पुस्तकांच्या पेट्या चढायच्या, मग स्वयंपाकघर. शकुनच्या चिनी मातीच्या बरण्या नांदगाव खंडेश्वरच्या रस्त्यात फुटल्या तेव्हा पाळकसाहेबांनी आधी पेट्यांचं झाकण उघडून पाहिलं होतं. बाई ते विसरली नव्हती. पण तो राग बरण्यांचा होता, आणि बरण्यांच्या रागाला कोणी जन्मभर धरून बसत नाही. तिच्या पोटात जे होतं ते वेगळं होतं.

त्यांना एकच लेक झाली, मंजुषा. महादेवराव नांदगावला पाळक होते तेव्हा ती अमरावतीला कॉलेजात शिकत होती. हसरी पोरगी, बापासारखी उंच आणि आईसारखी तोंडाळ. पावसाळ्याच्या शेवटी सुट्टीत घरी आली ती अंगात ताप घेऊन. साधा ताप म्हणता म्हणता तो मेंदूत गेला. अमरावतीच्या दवाखान्यात नेली. चार-सहा दिवस झुंजली आणि गेली.

दफनाचा विधी करायला अमरावतीचे पाळक तयार होते. महादेवराव नको म्हणाले. लेक माझी आहे, मीच करीन, म्हणाले. आणि त्यांनी केला. कबरीच्या कडेला उभं राहून त्यांनी पुनरुत्थानाच्या आशेवर उपदेश केला, पूर्ण केला, एका शब्दाला अडखळले नाहीत. आवाज जसा दर रविवारी तसाच. पहिली मूठ माती त्यांनीच टाकली. नंतर दफनभूमीच्या फाटकाशी उभं राहून आलेल्या प्रत्येकाचा सलाम घेतला, म्हाताऱ्यांना गाडीपर्यंत पोचवलं. शकुनला दोन बायांनी धरलेलं होतं आणि तिच्या कानावर लोकांचं बोलणं पडत होतं. पाळकसाहेब किती निर्विकार राहिले बघा. विश्वास असावा तर असा. निर्विकार, निर्विकार. तो शब्द त्या दिवशी तिनं इतक्या वेळा ऐकला की तो तिच्या डोक्यात खिळ्यासारखा बसला.

आणि संध्याकाळी, घरात माहेरच्या-सासरच्या बाया रडत बसलेल्या असताना, हा माणूस बाहेरच्या ओट्यावर खुर्ची टाकून पुस्तक वाचत बसला. लाल पुठ्ठ्याचं जाड पुस्तक. शकुनला ते आतून दिसत होतं. उजेड गेला तरी पानं उलटत राहिला.

तेव्हाच तिनं जाऊन विचारलं असतं तर बरं झालं असतं. भांडली असती, पुस्तक भिरकावलं असतं, काही तरी झालं असतं. ती गेली नाही. हा येऊन काही बोलंन, असं तिला वाटत राहिलं. तो आला नाही. मग आठ दिवस गेले, महिना गेला, अकोल्याला बदली झाली, आणि न बोलणं हेच घरात कायमचं राहायला आलं. बाकी सगळं नीट चाललं. डबा, कपडे, पाहुणे, नाताळची करंजी. फक्त मंजुषाचं नाव घरात निघेनासं झालं. आणि चर्चमध्ये पाळकीणबाई पहिल्या बाकावरून उठून शेवटच्या बाकावर बसायला लागल्या. लोकांना वाटलं गुडघे दुखतात, दाराजवळ बरं पडतं.

आपल्या लेकीसाठी या माणसाला वाईट वाटलं होतं की नाही, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. दुसरं काही नाही. वर्षानुवर्षं ती ते विचारायला घाबरली, कारण ‘नाही, देवाची इच्छा होती’ असं शुद्ध मराठीत उत्तर आलं असतं तर तिनं काय केलं असतं? आणि आता हिंमत आली तर उत्तर देणारं तोंडच गेलं.

तर डॉक्टरनं सांगितलं म्हणून ती वाचायला बसली, आणि कपाटातून सरळ लाल पुस्तक काढलं. मुद्दामच काढलं. पोरगी मातीत घालून आल्यावर ज्याची आठवण झाली असं यात आहे तरी काय, ते बघायचं होतं. आधी तिनं पानं चाळली, कुठं काही खूण असेल, पेन्सिलची रेघ असेल. काही नव्हतं. महादेवराव पुस्तकाला कधी पेन्सिल लावत नसत, आणि दुसऱ्यानं लावलेली त्यांना खपायची नाही.

शकुन बालवाडीची बाई. मोठ्यानं वाचायची सवय होती, पण हे वाचणं म्हणजे खडीच्या रस्त्यावरून अनवाणी जाणं. एकेक वाक्य अर्धं पान. ते पुस्तक लिहिणारा धर्मपिता म्हणतो, देव स्वतः हलत नाही, पण जे जे हलतं ते त्याच्यामुळं हलतं. शकुन थांबली.

“म्हंजे बसल्या जागी हुकूम सोडनं. तुमच्यासारखं.”

“हाव,” महादेवराव म्हणाले.

तिला हसू आलं. कित्येक वर्षांत या माणसासमोर तिला असं हसू आलं नव्हतं. मग ती रोज वाचायला लागली, सकाळी त्यांना अंघोळ घालून खुर्चीत बसवलं की तासभर. हळूहळू तिला त्यात गोडी वाटायला लागली, हे तिनं कोणाला सांगितलं नाही. एका ठिकाणी होतं की देवाला जगाची काही गरज नव्हती. जग नसतं तरी त्याचं काही अडत नव्हतं. तरी त्यानं ते केलं, म्हणून त्याला कृपा म्हणायचं, गरजेपोटी केलं असतं तर तो नुसता व्यवहार झाला असता. मेथी निवडता निवडता बाईच्या मनात दिवसभर ते घोळत राहिलं. मंजूशिवायही आपलं लग्न, आपलं घर चाललंच असतं. अडलं काहीच नसतं. तरी ती आली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि या माणसाच्या पुस्तकानं आपल्याला रडवलं याचा रागही आला.

आणि मग तो अध्याय आला. वर ठळक अक्षरात लिहिलं होतं, देव निर्विकार आहे.

शकुननं चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. तोच शब्द. खाली धर्मपित्यानं पायरी पायरीनं समजावलं होतं: जे बदलतं त्यात उणं-अधिक होतं; देवात उणं-अधिक होत नाही; दुःख म्हणजे उणं होणं; म्हणून देवाला दुःख होत नाही. त्याला शोक शिवत नाही. आणि शहाण्या माणसानंही जमेल तेवढं त्याच्यासारखं व्हावं.

अस्सं. म्हणजे त्या संध्याकाळी हा माणूस हे वाचत बसला होता. पोरगी गेली तरी आपल्याला काही होऊ नये, याचा धडा गिरवत होता. इतकी वर्षं तिला जे वाटत होतं ते खरंच निघालं. तिनं विचारलं, त्या दिवशी हेच पान वाचत होते ना? हाव. की दुसरं काही वाचत होते? हाव. तिनं पुस्तक धाडकन मिटलं आणि उठून गेली, आणि चार दिवस त्या घरात कोणी काही वाचलं नाही.

रविवारी उपासनेनंतर प्रीतम आला. अकोल्याच्या मंडळीचा नवा पाळक, तिशीतला, चांगला शिकलेला, नुकतं लग्न झालेला. महादेवरावांना घरी येऊन प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस द्यायचा, मग चहा घेऊन जायचा. त्या दिवशी त्यानं सलाम केला तेव्हाच काकूंचा चेहरा पाहून त्याला कळलं की काही बिनसलं आहे. चहा पुढं ठेवून शकुननं सरळ तोफ डागली.

“बाबू, तू एवढा शिकला, एक सांग मले. देवाले दुखते काय?”

प्रीतमनं कप खाली ठेवला. तिनं लाल पुस्तकातलं पान दाखवलं आणि मंजूच्या दफनाची सगळी हकीकतही सांगितली, नवरा समोर बसलेला असताना, त्याच्याकडे न बघता.

प्रीतमनं घाई केली नाही. त्यानं सांगितलं, की त्या जुन्या लोकांच्या आजूबाजूला जे देव होते ते रुसणारे, जळणारे, लाच खाणारे होते. आज खूश, उद्या खवळलेले. म्हणून यांनी सांगितलं की आमचा देव तसा नाही, त्याच्या प्रेमाला कोणी धक्का लावू शकत नाही. त्यांना ते म्हणायचं होतं. मराठीत उतरवणाऱ्यानं त्यासाठी निर्विकार शब्द घेतला, कारण आपल्याकडे देवाची स्तुती करताना तो पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. त्याच्या मनात कोरा चेहरा नव्हता काकू, चेहऱ्याला तो शब्द आपण लावतो.

“शब्द चांगलाच असंन,” शकुन म्हणाली. “पन लोकायनं थो देवाले नाही लावला. याह्यले लावला. आन यायनं लावून घेतला.”

जाताना प्रीतम म्हणाला, की गोष्ट तिथंच संपत नाही. गेल्या शतकात महायुद्धं झाली, माणसांनी माणसांना कोंडून मारलं, आणि त्यानंतर कित्येक विद्वान उलटे उभे राहिले. ज्याला दुखू शकत नाही त्याला प्रेमही करता येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. माझ्याकडे इंग्रजीत आहे. मी येऊन वाचून दाखवतो.

तो गेल्यावर शकुन खोलीत आली. विषय निघालाच होता, जीभ सैल झाली होती. इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते तिनं उभ्या उभ्या विचारून टाकलं, मंजू गेली तेव्हा तुम्हाला दुखलं होतं का?

हाव, महादेवराव म्हणाले.

तिचा जीव एकदम भांड्यात पडला. ती त्यांच्या शेजारी पलंगावर बसली, त्यांचा निकामी हात हातात घेतला. आणि मग तिच्यातल्या बालवाडीच्या बाईला राहवलं नाही. तिनं विचारलं, की दुखलं नव्हतं? हाव. मी कोण आहे तुमची, बहीण? हाव. त्या हावमध्ये काही फरक नव्हता. तिन्ही एकाच सुरातले. शकुननं तो हात हळूच पांघरुणावर ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून रडली. नाही असं उत्तर आलं असतं तर तिला झेपलं असतं. पण विचारण्याला काही अर्थच उरू नये, हे तिला झेपेना. आपण उशीर केला, आपणच केला, एवढंच ती स्वतःला सांगत राहिली.

प्रीतम मात्र शब्दाला जागला. आठवड्यातून एकदा संध्याकाळी यायचा, आणि इंग्रजी पुस्तक मांडीवर घेऊन एकेक परिच्छेद मराठीत सांगायचा. महादेवराव डाव्या हाताची बोटं खुर्चीवर हलवत ऐकत असत. ऐकत असत असं आपण म्हणायचं. पहिल्याच दिवशी प्रीतम म्हणाला, “देव दुःख भोगतो,” आणि शकुननं त्याला तिथंच थांबवलं. भोगतो नको म्हणाली. मंजू गेली तेव्हा शेजारच्या बायांनी भोग भोग करून तिचं डोकं उठवलं होतं, एकेकाचे भोग असतात बाई. देवानं कोणतं पाप केलं म्हणून त्याच्या वाट्याला भोग आले? प्रीतमनं विचार केला आणि ‘सोसतो’ म्हणून पाहिलं. त्यावर ती आणखी भडकली. सोसणं काय असतं ते मला सांगू नको म्हणाली, सोसणाऱ्याचं कौतुक करून लोक जेवून घरी जातात.

“मले दुखते, तुले दुखते. तसंच म्हन. देवाले दुखते.”

प्रीतम हसला. असं लिहिलं असतं तर सेमिनरीत मला नापास केलं असतं, म्हणाला. पण त्यानंतर तो तसंच म्हणायला लागला, आणि गंमत अशी की त्याला स्वतःलाच ते पुस्तक जास्त कळायला लागलं. एकदा तर त्यानं रविवारच्या उपदेशात हे वाक्य वापरलं आणि मंडळीतले दोन म्हातारे नाराज झाले.

त्या पुस्तकात एक भाग होता तो शकुनच्या मनात फार खोल गेला. लेखक म्हणत होता, क्रूसावर दोन दुःखं होती, आपण एकच बघतो. पुत्र मेला, त्याला मरणाच्या वेदना झाल्या. पण मरणाऱ्याला आपलं मरण उरत नाही. पित्याचा पुत्र गेला, त्याला पुत्राशिवाय राहावं लागलं. पिता तिथं गप्प होता, आकाशातून काही आवाज आला नाही, आणि त्या गप्प राहण्यावरून लोकांनी समजून घेतलं की त्याला काही झालंच नाही. हे सांगून झाल्यावर प्रीतमनं पुस्तक मिटलं आणि नेहमीपेक्षा लवकर उठला. त्याची बायको पोटुशी होती, घरी एकटी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शकुन महादेवरावांची दाढी करत होती. मार्च लागला होता, अकोल्याचं ऊन सकाळपासूनच तापत होतं, तिनं खुर्ची पंख्याखाली ओढली होती. डाव्या गालाला साबण लावून झाला, उजवा गाल ओघळलेला, तो बोटानं ताणून धरावा लागायचा. हात चालू होता आणि तोंडही चालू होतं, कालचंच. त्यांना सांगत होती म्हणावं तर तसं नाही. उत्तराची अपेक्षा तिनं सोडली होती, आता ती नुसती बोलायची. प्रीतमच्या त्या लेखकाशी तिचं भांडण चाललं होतं. तिला त्याचं पटलं होतं, आणि पटलं होतं म्हणूनच ती भांडत होती.

“पोरगं मेलं, त्याचं दुखनं सरलं,” ती गालावरून वस्तरा ओढत म्हणाली. “मंग मांगं दुखत कोनाले राहिलं?”

“मले,” महादेवराव म्हणाले.

वस्तरा तिथंच थांबला. शकुनला वाटलं आपल्याला भास झाला. तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. अर्ध्या तोंडाला साबण होता, ओठ थरथरत होते, आणि डोळे वाहत होते, दोन्ही डोळे. तिच्या तोंडून कसंबसं निघालं, काय म्हणाले?

त्यांनी ओठ आवळले. मान ताणली. तो शब्द बाहेर काढायला माणसानं जेवढा जोर लावावा तेवढा लावला.

“म… ले.”

मला नाही. मले. आईच्या मांडीवर ज्या बोलीत हा माणूस लहानपणी रडला असेल त्या बोलीत. शकुनच्या हातून वस्तरा पडला. ती खाली फरशीवर बसली, त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि मलेबी, मलेबी म्हणत आवाज काढून रडली, जशी दफनाच्या दिवशीही रडली नव्हती. ते वरून रडत होते, साबणाचं पाणी तिच्या केसांत पडत होतं. आईबापांनी लेकीसाठी एकत्र रडायचं असतं ते ती गेल्यावर इतक्या वर्षांनी रडले. रडणं ऐकून शेजारच्या शेषरावांची बायको धावत दारापर्यंत आली, दोघांना पाहून परत गेली.

पुष्कळ वेळानं शकुननं डोकं वर काढलं. पदरानं आधी त्यांचं तोंड पुसलं, मग आपलं. तिला हलकं वाटायला पाहिजे होतं. जे जन्मभर हवं होतं ते मिळालं होतं. पण हलकं वाटलं नाही. तिला ते ओट्यावर बसलेले दिसले, मांडीवर पुस्तक, उजेड गेला तरी पानं उलटत असलेले. त्या अंधारात अक्षर तरी दिसत होतं का त्यांना? आणि मग सगळी वर्षं दिसली. एका घरात दोघं, एकच दुःख, दोन खोल्यांत वेगवेगळं ठेवलेलं. तिला राग आला, त्यांचा आला, स्वतःचा आला, आणि त्या रागात तिनं का म्हणून विचारलं.

“मंग तवा कावून नाही सांगतलं? मी तं बाजूच्याच खोलीत होती.”

महादेवरावांनी तिच्याकडे पाहिलं. प्रश्न त्यांना समजला होता, चांगला समजला होता. तोंड उघडलं, जीभ हलली, गळ्याची शीर फुगली. शकुन त्यांच्या ओठांकडे बघत थांबली. किती तरी वेळ थांबली.

“हाव,” ते म्हणाले.